छोट्या चुका, मोठा फटका: काटेकोर स्वभाव आणि जुनाट दुखणं यांची गाठ कशी सोडवायची

मान, कंबर, जबडा किंवा डोकं महिनोन्‌महिने दुखतंय, रिपोर्टमध्ये फारसं काही निघत नाही, आणि माणूस मात्र हातात घेतलेलं प्रत्येक काम चोख करणारा. जुनाट वेदनेवर उपचार करणाऱ्यांना ही जोडी चांगली ओळखीची आहे. अशा माणसाला 'टेन्शन घेऊ नका, आराम करा' सांगून काही साधत नाही, कारण तो आरामही नीट जमतोय का ते तपासत बसतो. म्हणून या लेखाचा भर एकाच जागेवर आहे: छोटी चूक झाल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं. त्या वेळात शरीरात काय घडतं, ते दुखण्यापर्यंत कसं पोचतं आणि तिथे नेमकं काय बदलायचं, ते पाहू.

सुरुवात डॉक्टरांपासून

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं. त्याची एकदा नीट तपासणी झालेली हवी. पुढीलपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा: लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेभोवती आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, हातापायातली वाढत जाणारी अशक्तता, दुखण्यासोबत ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, छातीत दुखणं.

एमआरआयच्या कागदावरचे शब्द वाचून मात्र घाबरू नका. अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या कण्याच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झीज दिसली, ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांच्या. 'डिस्क बल्ज', म्हणजे चकती थोडी बाहेर फुगणं, हा शब्द काटेकोर माणसाला आपल्या शरीरावर मारलेल्या लाल फुलीसारखा वाटतो. बहुतेक वेळा तो तसा नसतो. दुखण्याशी त्याचा संबंध आहे की नाही, हे डॉक्टरांना सरळ विचारा.

चूक आणि वेदना यांचा संबंध येतो कुठून

'परफेक्शनिझममुळे', म्हणजे सगळं बिनचूकच हवं या स्वभावामुळे, 'दुखणं होतं' असं सरसकट म्हणता येत नाही. संशोधनात दोन्ही गोष्टी बरेचदा हातात हात घालून दिसतात, आणि असलेलं दुखणं टिकवून ठेवायला हा स्वभाव हातभार लावतो असं मानायला चांगली कारणं आहेत. कामाचा दर्जा उंच असणं हा काही दोष नाही. दर्जा गाठला नाही की माणूस स्वतःशी कसा वागतो, अडचण तिथे आहे. १९९० च्या सुमारास या स्वभावाची मोजमापं तयार झाली, तेव्हापासून 'उंच अपेक्षा' आणि 'चुकांची धास्ती' हे दोन वेगळे घटक म्हणून मोजले जातात. त्रासाशी जास्त घट्ट जोडलेली असते ती चुकांची धास्ती, आणि 'लोकांना माझ्याकडून बिनचूकच हवं' ही समजूत.

आता शरीराकडे. चूक झाल्यापासून साधारण ५० ते १०० मिलिसेकंदांत, म्हणजे आपल्या ती नीट लक्षात यायच्या आत, मेंदूत एक विद्युत लहर उमटते. चिंताग्रस्त लोकांमध्ये ती सरासरीने मोठी असते. तिचा उगम मुख्यतः अँटीरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागात मानला जातो, आणि वेदना 'नकोशी' वाटण्यातही याच भागाचा वाटा असतो. म्हणून चूक आणि वेदना एकच, असा अर्थ कुणी काढू नये. पण दोन्ही 'काहीतरी बिनसलंय' या एकाच खात्यात जमा होतात, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्या लहरीनंतर खरा खेळ सुरू होतो. महत्त्वाचा मेल पाठवला आणि अटॅचमेंट राहिली, असं धरा. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची: फाइल जोडायची आणि पुन्हा पाठवायचं. पण मनात वाक्य उमटतं, 'इतकं साधं जमत नाही तुला?' दात आवळले जातात. खांदे कानांकडे सरकतात, श्वास छातीत वरवर चालतो, पोट घट्ट होतं. फाइल जाते, समोरचा 'मिळाली' म्हणून मोकळा होतो, आणि इकडे पुढचे दोन तास मान तशीच ताठ. दिवसातून पाच-सहा वेळा हे होत असेल तर मज्जासंस्थेला धोक्याच्या पवित्र्यातून बाहेर यायला फुरसतच मिळत नाही. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी ती मग साध्या ताणालाही इजेसारखा प्रतिसाद देऊ लागते. ऊतींना नवी इजा नसतानाही टिकणाऱ्या या प्रकाराला वेदनाशास्त्रात २०१७ पासून 'नोसिप्लास्टिक' वेदना असं नाव आहे. ती खरी असते, मनाचे खेळ नव्हेत.

दुसरी वाट वागण्यातून जाते. बरं वाटलं की उरलेलं सगळं एका दमात उरकायचं, मग दोन दिवस आडवं पडायचं, मग मागे पडल्याबद्दल स्वतःला झापायचं आणि पुन्हा तेच.

पायरी १: सात दिवसांची नोंद, तीही आखडत्या हाताने

एका वहीत चार रकाने करा: काय चुकलं, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, शरीरात कुठे काय झालं, तेव्हाचं आणि दोन तासांनंतरचं दुखणं, ० ते १० मध्ये. दिवसाला जास्तीत जास्त तीन नोंदी, प्रत्येक दोन ओळींत. नोंद राहिली तर नंतर आठवून भरायची नाही. खाडाखोड करायची नाही, सुवाच्य प्रत काढायची नाही, मोबाइलवर रंगीत तक्ता तर मुळीच बनवायचा नाही.

ही मर्यादा मुद्दाम आहे. दुखण्यावर सतत पहारा ठेवला की दुखणं वाढतं, आणि काटेकोर माणसाच्या हाती नोंदवही दिली की तिचाच प्रकल्प होतो. वाक्य मात्र खरं लिहा. 'थोडं वाईट वाटलं' ही सारवासारव झाली. 'मूर्ख आहेस', 'आता सगळे काय म्हणतील', 'पुन्हा तेच' असं जे आलं तेच उतरवा.

आठव्या दिवशी दहा मिनिटं वही चाळा. एकच वाक्य तीन-चारदा दिसेल, ते अधोरेखित करा. दोन तासांनंतरचा आकडा बरेचदा चढलेला दिसतो का? दुखणं जागा बदलतं का, ताणाच्या दिवशी वाढतं का, काम संपून निवांत झाल्यावर उसळतं का? अशा खुणा असतील तर मज्जासंस्थेच्या संवेदनशीलतेचा वाटा मोठा असण्याची शक्यता आहे. काहीच जुळत नसेल, तर तुमच्या दुखण्याचं कारण दुसरीकडे असेल. मग पायरी ४ तेवढी घ्या, बाकीच्यांवर वेळ घालवू नका.

पायरी २: चुकीनंतरचं दीड मिनिट

सगळ्यात जास्त सराव इथेच लागतो. क्रम असा.

पहिलं, मनात म्हणा: 'चूक झाली. अंग आवळलंय.' एवढंच, कारणमीमांसा नको.

दुसरं, दातांवरचे दात सोडा, ओठ मिटलेले चालतील. खांदे खाली जाऊ द्या, ओढून पाडू नका. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं पाच वेळा. याला सुमारे ५० सेकंद लागतात. बाहेर जाणारा श्वास लांब हवा. खोल श्वास घ्यायच्या नादात छाती फुगवलीत तर उलट चक्कर येते. मोजताना अडखळलात तर पहिल्यापासून सुरू करू नका, पुढे जा.

तिसरं, वाक्य बदला. बहुतेकांची गाडी इथे अडते. 'मी छान आहे, मी समर्थ आहे' असलं कौतुक काटेकोर माणसाच्या मनाला पटत नाही. त्यावर मनातून टोमणाच येतो. चालणाऱ्या वाक्यात तीन गोष्टी असतात: घडलेली गोष्ट, तिचा आकार, पुढची कृती.

'इतकं साधं जमत नाही तुला?' याऐवजी: 'अटॅचमेंट राहिली. अर्ध्या मिनिटाचं काम. आता जोडून पाठव.'
'सगळ्यांसमोर तोंडघशी पडले' याऐवजी: 'एक आकडा चुकीचा सांगितला. बैठक संपली की बरोबर आकडा कळव.'

आकार ठरवायला दोन प्रश्न पुरतात: दुरुस्तीला किती मिनिटं लागतील, आणि आठवड्याने हे कुणाला आठवेल? स्वतःला 'तू' किंवा नावाने संबोधलं तर पुष्कळांना सोपं जातं, थोडं अंतर मिळतं. शब्दांइतकाच सूर महत्त्वाचा. 'बरं, आता जोडून पाठव' हे दात-ओठ खात म्हटलं तर शरीराला फक्त दात-ओठ कळतात. हाताखालच्या चांगल्या नवशिक्याशी ज्या सुरात बोलाल, तो सूर धरा.

चौथं, दुरुस्ती एकदाच करा आणि माफीही एकदाच मागा. 'खरंच सॉरी हं, माझंच लक्ष नव्हतं, पुन्हा नाही होणार' हे तिसऱ्यांदा समोरच्यासाठी नसतं. ते स्वतःची धास्ती शमवण्यासाठी असतं, आणि ती शमण्याऐवजी पोसली जाते.

इथे एक आक्षेप हमखास येतो: स्वतःला झापलं नाही तर मी ढिला पडेन. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले काही प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या एकात पहिली परीक्षा वाईट गेल्यावर ज्या विद्यार्थ्यांना स्वतःशी समजुतीने वागायला सुचवलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी अभ्यासाला जास्त वेळ दिला. भीती कामाला लावते हे खरं, पण तीच भीती काम टाळायलाही लावते.

दिवसातून एक-दोन चुकांवर हा क्रम जमला तरी भरपूर झालं. बाकीच्या निसटतील, निसटू द्या.

पायरी ३: मुद्दाम केलेल्या चुका

नुसतं समजून धास्ती जात नाही. चूक करून, काही कोसळत नाही हे अंगाने अनुभवावं लागतं. विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या बोधनिक वर्तन उपचारात (सीबीटी) याच पद्धतीने काम होतं. तुम्हाला खटकतील अशा आठ-दहा बारीक गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे अस्वस्थतेचा अंदाज ० ते १०० मध्ये लिहा. ३० च्या आसपासच्या गोष्टीपासून सुरुवात करा. थेट ८० वर उडी मारणं हाही त्याच स्वभावाचा खेळ असतो.

उदाहरणं: मित्राला पाठवलेल्या मेसेजमधली शुद्धलेखनाची चूक तशीच ठेवणं. कपाटातला एक कप्पा आठवडाभर विस्कटलेला ठेवणं. नेहमी चार वेळा वाचून पाठवायचा साधा मेल एकदाच वाचून पाठवणं. बैठकीत 'हे मला कळलं नाही' म्हणणं. फोटोत केस विस्कटलेले असूनही तो तसाच पाठवणं.

करण्याआधी अंदाज लिहा: काय होईल, आणि त्याची खात्री किती टक्के? चोवीस तासांनी प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. 'समोरचा चिडेल, ७० टक्के' असं लिहिलेलं असतं आणि उत्तरात फक्त 'ओके' येतं. हे कागदावर पाहण्याला महत्त्व आहे, कारण डोक्यातला अंदाज नंतर गुपचूप बदलतो. तीच गोष्ट निदान तीनदा करा, मग वरची घ्या.

प्रयोग फसतो तो मागच्या दाराने. 'घाईत लिहिलंय हं, चुका पोटात घाला' असं आधीच लिहिलंत तर प्रयोग झालाच नाही. पाठवल्यावर पाच वेळा उघडून वाचलंत तरी तेच. आणि काही ठिकाणी हा प्रयोग चालणारच नाही: औषधांचे डोस, गाडी चालवणं, यंत्रं, पैशांचे व्यवहार, कायद्याची कागदपत्रं, मुलांची सुरक्षितता. तिथे काटेकोरपणा योग्यच आहे. खरं कसब आहे ते कुठे शंभर टक्के लागतं आणि कुठे सत्तर टक्क्यांत भागतं, हे वेगळं काढण्यात.

पायरी ४: कामाची लांबी घड्याळ ठरवेल

दुखेपर्यंत काम आणि दुखलं की बंद, ही पद्धत मज्जासंस्थेला शिकवते की हालचाल म्हणजे धोका. 'हे संपवतो आणि उठतो' ही त्याच पद्धतीची सभ्य आवृत्ती. त्याऐवजी वेळेचा कोटा ठरवा. दुखणं वाढवणारी एक कृती निवडा: टायपिंग, उभं राहणं, चालणं, काहीही. दुखणं वाढायला लागेपर्यंत ती किती मिनिटं जमते हे तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा, त्यात एक वाईट दिवसही असू द्या. समजा ४०, ३० आणि २० मिनिटं आली. सरासरी ३०. तिच्या ८० टक्के, म्हणजे २४ मिनिटं, हा तुमचा पाया. गजर २४ मिनिटांचा लावा. वाजला की वाक्य अर्धवट असलं तरी उठा, पाच मिनिटं हिंडा, मग हवं तर पुढचा डाव.

बहुतेक दिवस हे निभावलं तर आठवड्याला सुमारे दहा टक्के वाढवा: २४ वरून २६, मग २९. खरी परीक्षा चांगल्या दिवशी असते. काहीच दुखत नसताना २४ मिनिटांवर उठणं काटेकोर माणसाला आळस वाटतो, आणि बहुतेकांचं गणित त्याच दिवशी कोलमडतं.

सोबत एक सवय लावून घ्या: काम सुरू करण्याआधी 'झालं' कशाला म्हणायचं ते एका ओळीत लिहा. 'दोन पानं, तीन मुद्दे, एकदा वाचून पाठवायचं.' काम चालू असताना ही ओळ बदलायची नाही. आधी ठरवलं नाही तर 'अजून थोडं नीट करू'ला शेवट नसतो.

दुखणं उसळलं तर

उसळेल, हे धरूनच चला. पहिला मोह असतो गुन्हेगार शोधायचा: काल जास्त बसलो का, श्वास चुकीचा घेतला का, माझंच काहीतरी चुकलं. हा शोध म्हणजे नव्या वेषातली तीच जुनी टीका, आणि तिच्याने अंग आणखी आवळतं. पाच ओळींचा कागद चांगल्या दिवशीच लिहून ठेवा:

हे पूर्वीही झालंय आणि ओसरलंय.
दोन दिवस कोटा निम्मा, शून्य नाही.
डॉक्टरांनी सांगितलेलं औषध सांगितल्याप्रमाणे.
कारण शोधायचं नाही. दोन आठवड्यांत तिसऱ्यांदा झालं तरच वही उघडायची.
तिसऱ्या दिवशी पाऊण कोटा, पाचव्या दिवशी पूर्ण.

दुखण्याचं स्वरूपच वेगळं असेल, किंवा सुरुवातीला दिलेल्या धोक्याच्या खुणांपैकी काही दिसलं, तर हा कागद लागू नाही. डॉक्टरांना दाखवा.

हा उपायच परीक्षा होऊन बसतो

काटेकोर माणसं बरं होण्याचंही टाइमटेबल करतात, एक दिवस चुकला की सगळं सोडून देतात आणि 'मला हेही जमलं नाही' म्हणून वहीत शेवटची ओळ लिहितात. यावरचा इलाज नियमातच घालून ठेवा: सराव आठवड्यातून पाच दिवस, दोन दिवस ठरवून सुट्टी. सलग किती दिवस जमलं ते मोजायचं नाही.

याहून बोचरा सापळा आहे: 'म्हणजे हे दुखणं मीच ओढवून घेतलं.' मज्जासंस्थेची सवय आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहानपणी चुकीला मार किंवा टोमणा मिळालेल्या माणसाने चुकीवर पहारा ठेवायला शिकणं हा त्या वेळचा शहाणपणाच होता. घरच्यांपैकी कुणी 'तुझं सगळं डोक्यात आहे' म्हणालं तर ते चूक आहे, हेही इथेच सांगून ठेवतो.

फरक कुठे आणि कधी दिसतो

सहा ते आठ आठवड्यांनी आढावा घ्या, पण दुखण्याच्या आकड्यापासून सुरू करू नका. साधारणपणे तो सगळ्यात शेवटी हलतो. आधी हे पाहा: चुकीनंतर पूर्ववत व्हायला दोन तास लागायचे, आता किती? एक मेल किती वेळा वाचता? टाळलेली कोणती कामं किंवा हालचाली परत सुरू झाल्या? झोप कशी आहे? इथे हालचाल दिसत असेल तर वाट बरोबर आहे.

अपेक्षा किती ठेवायची? २०२२ मध्ये छापून आलेल्या कोलोरॅडोतल्या एका चाचणीत सौम्य ते मध्यम जुनाट कंबरदुखी असलेले १५१ लोक होते. मेंदूने वेदनेकडे धोका म्हणून पाहणं कमी करण्यावर भर देणारा चार आठवड्यांचा उपचार घेतलेल्यांपैकी ६६ टक्के लोकांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ थांबलं. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेल्या, इंजेक्शनच्या गटात २० टक्क्यांचं, नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्या गटात १० टक्क्यांचं. आकडे उत्साहवर्धक आहेत. पण तो उपचार प्रशिक्षित माणसासोबत झाला होता आणि फक्त कंबरदुखीसाठी होता. संधिवात, मज्जातंतूंची इजा किंवा कॅन्सर यांच्या वेदनेत मूळ आजाराचे उपचार आधी. वरच्या पायऱ्या तिथे जोडीला चालतात, पण जागा घेऊ शकत नाहीत.

एकट्याने जमत नसेल तेव्हा

दिवसाचा तासाहून जास्त वेळ तपासण्यात, पुसण्यात किंवा पुन्हा पुन्हा करण्यात जात असेल, खाण्यावर कडक बंधनं घातली जात असतील, किंवा दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच, थांबू नका. तज्ज्ञ निवडताना दोन प्रश्न विचारा: जुनाट वेदना असलेल्या लोकांसोबत काम केलंय का, आणि परफेक्शनिझमसाठी बोधनिक वर्तन उपचार किंवा करुणेवर आधारित उपचार करता का? फिजिओथेरपिस्टला वेळेच्या कोट्याबद्दल आधीच सांगा, म्हणजे 'दुखेल तेवढंच करा' आणि 'घड्याळाप्रमाणे करा' अशा दोन सूचनांत ओढाताण होणार नाही.

पहिल्या भेटीला सात दिवसांची ती वही तशीच घेऊन जा, रिकाम्या रकान्यांसकट. अधोरेखित केलेलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवा आणि ते वाचताना जबड्याचं, मानेचं काय झालं ते सांगा. जायच्या आदल्या रात्री वही नीट उतरवून काढायची इच्छा होईल. तेवढी तेव्हा टाळा.